निरोगी माणसांची टंचाई

निरोगी (विशेषण): ज्याला अजून कुणी नीट विचारलेलं नाही असा.

शोधनिबंध तपासणाऱ्या परीक्षकाने तीनच वाक्यं लिहिली होती, पण त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या तोंडचं पाणी पळवलं.

पहिल्या वाक्यात काम महत्त्वाचं आहे असं होतं. दुसऱ्यात चिकाटीचं कौतुक होतं. म्हणजे तिसऱ्यात काहीतरी वाढून ठेवलेलं असणार हे कुणीही ओळखावं, आणि होतंच: 'तुलनेसाठी घेतलेली निरोगी माणसं विशी-पंचविशीची आहेत, रुग्ण मात्र साठीच्या पुढचे. साठीच्या पुढची निरोगी माणसं तपासून दाखवल्याशिवाय निबंध छापता येणार नाही.'

परीक्षकाचं चुकलं होतं असंही नाही. निरोगी माणूस लागला की शेजारच्या वर्गातले विद्यार्थी पकडून आणायचे ही सगळ्याच प्रयोगशाळांची रीत. ते तरुण असतात, हाताशी असतात आणि बिस्किटांच्या पुड्यावर खूश असतात.

बाई सकाळी मूत्रपिंडाचे रुग्ण तपासत आणि दुपारनंतर तळघरातल्या प्रयोगशाळेत त्याच रुग्णांच्या लघवीतली प्रथिनं मोजत. मूत्रपिंड हा त्यांच्या मते शरीरातला सगळ्यात घुमा अवयव. हृदय धडधडतं, पोट गुरगुरतं, दात तर नुसती बोंब मारतो. मूत्रपिंड मात्र अर्धं कामातून गेलं तरी चकार शब्द काढत नाही. रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं, पण ते वरातीमागून घोडं. ते वाढेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. बाईंना आतल्या गोटातला कुणी फितूर हवा होता. मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांच्या पेशींना इजा व्हायला लागली की त्या एक प्रथिन लघवीत सोडतात आणि ते क्रिएटिनिनच्या कितीतरी आधी सापडतं, एवढं शोधण्यात त्यांची ऐन उमेदीची वर्षं गेली होती. प्रथिनाला शास्त्रीय नाव होतं, गाडीच्या नंबरासारखं. तळघरात सगळे त्याला चहाडखोर म्हणत.

तर आता चहाडखोराला साठीच्या पुढची निरोगी माणसं हवी होती, आणि हा प्राणी दुर्मीळ निघाला. दवाखान्यात येणारा तर रुग्णच असतो. सहकाऱ्यांच्या आईवडिलांना विचारावं तर एकाला मधुमेह, दुसऱ्याला रक्तदाब. तिसरे गृहस्थ अगदी ठणठणीत म्हणून आनंदाने बोलावले, तर त्यांना मूत्रपिंड एकच. दुसरं त्यांनी भावाला दिलेलं.

"एवढा चांगला माणूस, आणि आपल्या काही कामाचा नाही," पिपेटवाली म्हणाली. पिपेटवाली म्हणजे बाईंची जुनी सहकारी. हातात पिपेट नसताना तिला कुणी पाहिलं नव्हतं.

हेच रडगाणं बाईंनी रविवारी आईकडे जेवताना गायलं.

"आम्ही काय मेलो?" आई म्हणाली.

"घरची माणसं चालत नाहीत गं."

"का? घरच्यांची लघवी वेगळी असते?"

"आई, बाबा जेवताहेत."

"जेवू दे त्यांना," असं बाबाच म्हणाले. "साठीच्या पुढचा पाहिजे आणि निरोगी पाहिजे, एवढंच ना? मग समोर बसलाय तो कोण?"

बाबा कवायतीचे निवृत्त मास्तर. शाळा सुटून युग लोटलं तरी गळ्यातली शिट्टी उतरली नव्हती. सर्दी शिस्त नसल्यामुळे होते असं त्यांचं मत, आणि आजारी माणसाकडे ते प्रार्थनेला उशिरा आलेल्या मुलाकडे बघावं तसे बघत.

बातमी आत्याच्या कानावर गेली. आत्या ही बाबांची धाकटी बहीण. घरात तिला बिनतारी म्हणत, कारण तिला कळलेलं चार घरांत पोचायला तार लागत नसे. संध्याकाळपर्यंत आठ जण तयार झाले: आई, बाबा, स्वतः आत्या, मामा-मामी, बाईंचे सासू-सासरे, आणि आत्याची एक मैत्रीण, जिचं या घराशी नातं काहीच नव्हतं पण जी कुठल्याच घरगुती भानगडीतून आजवर चुकली नव्हती.

संशोधनावर देखरेख करणाऱ्या समितीने परवानगी दिली, पण अट घालून. बाईंनी या नमुन्यांच्या वाटेला जायचं नाही. प्रश्न पिपेटवालीने विचारायचे, बाटल्यांवर नावांऐवजी खुणा घालायच्या, आणि कुठली खूण कुणाची हे एकाच माणसाला ठाऊक असायचं. तो माणूस म्हणजे संस्थेचे संख्याशास्त्रज्ञ, आकडेवाले; बाटल्या मोजायला जाण्याआधी खुणा तेच घालणार. त्यांच्या पोटात गेलेली गोष्ट त्यांच्या बायकोलाही बाहेर काढता आलेली नाही, अशी त्यांची ख्याती.

नमुना (नाम): १. तपासणीसाठी घेतलेला थोडासा भाग. २. तो देणारा.

नमुने द्यायच्या सकाळी बाई तळघराकडे फिरकल्या नाहीत. जे कळलं ते पिपेटवालीकडून. रक्त सगळ्यांनी मुकाट्याने दिलं, गोंधळ झाला तो बाटल्यांचा.

बाबा दार उघडायच्या आधीच येऊन उभे होते आणि बाटली काठोकाठ भरून, झाकण लावून, पुसून, सलाम ठोकावा तशी त्यांनी पुढे केली. प्रयोगशाळेतली बाटली नको म्हणून आईने घरची घासूनपुसून आणली होती, कारण तुमच्या बाटल्या कुणी धुतल्या असतील कोण जाणे. मामांना मुळी होईचना. त्यांच्यासाठी नळ सोडून ठेवावा लागला, आणि मामी दाराबाहेरून त्यांना धीर देत होत्या. सासूबाईंनी बाटली कागदात, कागद पिशवीत आणि पिशवी दुसऱ्या पिशवीत घालून दिली, आणि देताना मान दुसरीकडे वळवली. आत्याने आपली बाटली उजेडात धरून बघितली आणि मग बाकीच्यांच्याही बघितल्या.

"दादाची बघ किती गडद," ती म्हणाली. "पाणी पीत नाही मेला."

"आणि प्रश्न?" बाईंनी विचारलं. "आजार, औषधं?"

"सगळे नाही म्हणाले. तुमचे बाबा तर प्रश्न पुरा व्हायच्या आधीच म्हणाले. मी विचारलं, आईवडिलांपैकी कुणी हयात आहे का. तर म्हणे, नाही, कधीच नाही."

ठिपका (नाम): माणूस, फार लांबून पाहिला तर.

आलेखावर आठ ठिपके होते. सात तळाशी, शहाण्या मुलांसारखे एका ओळीत. आठवा पार वर, बाईंच्या दवाखान्यातल्या रुग्णांच्या मांडीला मांडी लावून बसलेला.

बाईंनी चष्मा पुसला. ठिपका तिथेच होता.

"पुन्हा मोजलं?"

"पुन्हा मोजलं. मग पुन्हा पुन्हा मोजलं," पिपेटवाली म्हणाली.

"आणि त्याचं क्रिएटिनिन?"

"एकदम झकास."

बाई स्टुलावर बसल्या. इकडे आड, तिकडे विहीर. हे माणूस खरोखर निरोगी असेल, तर चहाडखोर खोटारडा. मग निबंध गेला, आणि निबंधामागची वर्षंही गेली. आणि चहाडखोर खरं बोलत असेल, तर त्यांच्या घरातलं कुणीतरी आतल्या आत बिघडत चाललं होतं आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

"एक ठिपका वगळता येतो," पिपेटवाली हळूच म्हणाली. "नमुना खराब झाला म्हणायचं. लोक करतात."

"तो ठिपका माझी आई असेल तर?"

पिपेटवालीने पिपेट खाली ठेवली.

आता यापुढचं बाईंनी कधी कुणाला सांगितलं नाही, पण घडलं ते असं. त्या स्टुलावर बसल्या बसल्या त्यांनी मनातल्या मनात आठही जणांना एका रांगेत उभं केलं आणि त्यातल्या त्यात कोण असलेलं परवडेल याचा विचार केला. आई नको. बाबा नकोत. सासूबाई नकोत, कारण मग नवऱ्याला कुठल्या तोंडाने सांगायचं. आत्या नको; आत्या गेली तर घरात कुणाला काही कळणारच नाही. मामांपाशी त्या जरा रेंगाळल्या. मामांनी लहानपणी त्यांचं कुत्र्याचं पिल्लू परस्पर कुणाला तरी देऊन टाकलं होतं. मग मामी डोळ्यांसमोर आल्या, दाराबाहेरून धीर देणाऱ्या, आणि बाईंना स्वतःची लाज वाटली. शेवटी आत्याची मैत्रीण उरली. तिच्यावर बोट ठेवून त्यांनी थोडा वेळ सुटकेचा श्वास घेतला, आणि मग तिलाही रांगेतून सोडून दिलं.

नियम (नाम): आपणच खणलेला खड्डा.

"सांगता येणार नाही," आकडेवाले म्हणाले.

"मला निबंधासाठी नको आहे. डॉक्टर म्हणून हवंय."

"समितीपुढे तुम्ही काय म्हणाला होतात, आठवतं?"

"आठवतं."

"तुम्ही म्हणालात, हे प्रथिन अजून सिद्ध झालेलं नाही. अर्धवट ज्ञान सांगून माणसांना घाबरवणं हा गुन्हा आहे. म्हणून कुणाचाही निकाल कुणालाही सांगायचा नाही. अध्यक्ष म्हणाले, अपवाद ठेवू. तुम्ही म्हणालात, अपवाद ठेवला की नियम मेला."

"मी म्हणाले असं?"

"टेबलावर हात आपटून."

"फार शहाणपणा करते मी."

"मला आवडलं होतं ते," आकडेवाले म्हणाले. "फार सुंदर बोललात. चहा घेणार?"

बाईंनी चहा घेतला.  आकडेवाल्यांच्या चेहऱ्यावरून काही कळतं का ते बाई बघत होत्या. तो चेहरा कोऱ्या भिंतीसारखा होता.

"एक सांगा. तुम्हाला झोप लागते?"

"लागत नाही," आकडेवाले म्हणाले. "पण तुमच्या आठांमुळे नव्हे. तशीच लागत नाही."

घोटा (नाम): पायाचा तो भाग, जो आजवर कुणी निरखून पाहिला नव्हता.

नियमाने हात बांधले होते, डोळे नव्हते. पुढच्या रविवारी बाईंनी सगळ्यांना जेवायला बोलावलं आणि टेबलाखाली चमचा पाडला.

एकदा पडला, कुणाचं लक्ष गेलं नाही. पुन्हा पडला तेव्हा सासऱ्यांनी उचलायला मदत केली. त्यानंतर मात्र मामांचा आवाज आला, टेबलाखाली काहीतरी चाललं असल्यासारखा:

"बाळ, माझ्या पायाला कुणीतरी चिमटे काढतंय."

"सूज बघतेय मामा. बोटाने दाबलं की खळगा राहतो का."

"राहतो?"

"नाही राहत. मोजा फार घट्ट आहे तुझा."

बाई टेबलाखालून वर आल्या तेव्हा सगळ्यांनी खाणं थांबवलं होतं. आत्याने चमचा ताटात ठेवला.

"कुणाला झालंय?" आत्याने विचारलं.

"काय कुणाला?"

"आल्यापासून बघतेय. आईच्या डोळ्यांखाली बघतेस, सासूबाईंना रात्री किती वेळा उठता म्हणून विचारतेस, दादाला फेस येतो का विचारलंस. मला वाटलं दाढीचा विचारतेस."

"मलाही तेच वाटलं," बाबा म्हणाले. "म्हटलं, चांगला येतो."

"आत्या, मला कुणाचंच माहीत नाही. देवाशपथ."

एवढं वाक्य बोलायला नको होतं. 'कुणाचंच माहीत नाही' याचा अर्थ आत्याच्या कानात शिरता शिरता 'कुणाचं तरी आहे' असा झाला, आणि तो बरोबरच होता.

घंटी

आई, सोमवारी: "मी काय म्हणते, मामीच असणार. बघ ना, कशी सुकलीय."

मामी, त्यानंतर लगेच: "वन्सं मनाला लावून घेतील म्हणून तुलाच सांगते. आईकडे लक्ष दे हो."

सासूबाई: "काही लपवू नकोस. मी असले तर यांना सांगू नकोस, हे असले तर मला सांग."

मामा: "पायाचं काय ठरलं?"

आत्या: "मी सगळ्यांना सांगितलंय की मी कुणालाच काही सांगितलेलं नाही."

आत्याची मैत्रीण: "मीच आहे. मला स्वप्न पडलं."

बाबांचा फोन आला नाही.

आठही जण आपापल्या डॉक्टरांकडे गेले, रक्त दिलं, आणि आठही जणांचा अहवाल स्वच्छ आला. तो यायचाच होता, वरातीमागचं घोडं अजून तबेल्यात होतं. पण हे त्यांना कोण सांगणार? घरात पेढे वाटायचेच काय ते राहिले. बाबा अहवाल घेऊन स्वतः तळघरात उतरले आणि त्यांनी तो फ्रीजरच्या दाराला चिकटवला.

"बघ. तुझं ते चहाडखोर खोटं बोलतं."

"बाबा, ते आधी कळतं. रक्तात मागाहून येतं."

"म्हणजे आत्ता काही झालेलं नाही, पण होणार आहे, असं ते सांगतं?"

"साधारण."

"मग त्याला भविष्य म्हणतात, बाळ. विज्ञान नाही." बाबांनी बाईंच्या पाठीवर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नकोस. इतकी वर्षं मेहनत केलीस. हरायलाही हिंमत लागते."

ते जिना चढून गेले. दोन पायऱ्या एकदम, कठड्याला हात न लावता. बाई बघत राहिल्या. वर्षानुवर्षांच्या कामाला वडिलांनी प्रेमाने मूठमाती दिली होती, आणि बाईंना वाईट वाटायच्या ऐवजी चक्क हलकं वाटत होतं. खोटारडं असू दे की, त्यांच्या मनात आलं. असू दे खोटारडं. सगळे ठणठणीत असू देत, निबंध गेला उडत.

त्यांनी परीक्षकाला उत्तर लिहायला घेतलं: एक निरोगी व्यक्ती चहाडखोराच्या कसोटीवर रुग्ण ठरते, सबब कसोटी अविश्वसनीय. अर्ध्यावर डोकं ठणकायला लागलं आणि त्या उठून आईकडे गेल्या.

नियमित (विशेषण):

"आई, डोकेदुखीची काही गोळी आहे का गं?"

आई उठायच्या आत बाबांचा हात खेळाच्या जाकिटाच्या खिशात गेला आणि पट्टी बाहेर आली. "ही घे. सणसणीत आहे. अर्ध्या तासात माणूस मैदानात."

बाईंनी पट्टी हातात घेतली. उलटी करून नाव वाचलं. हे औषध त्या आपल्या रुग्णांना घेऊ नका म्हणून लिहून देत, बोलून सांगत, आणि दवाखान्याच्या भिंतीवर लावलेल्या पाटीतही ते ठळक अक्षरांत होतं. दुखणं थांबवता थांबवता मूत्रपिंडाला जाणारं रक्त आवळणारं. पट्टीत एकच गोळी उरली होती.

"ही कुणाची?"

"माझी. खिशातून काढली ना?"

"बाबा, तुम्ही औषध घेत नाही म्हणाला होतात."

"नाहीच घेत."

"मग ही काय आहे?"

"त्या बाईंनी विचारलं, नियमित औषध घेता का. मी नियमित घेत नाही. दुखेल तेव्हाच घेतो."

"काय दुखतं?"

"गुडघे. किरकोळ."

"कधी दुखतात?"

बाबांनी विचार केला. प्रामाणिक माणूस.

"रोज," ते म्हणाले.

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"तू पण?" बाईंनी विचारलं.

"छे गं. मी कशाला घेते." आईने हात पुसले. "हे अख्खी घेत नाहीत, जड पडते म्हणतात. अर्धी उरते. मग ती वाया कशाला घालवायची?"

बाईंनी तिथूनच आत्याला फोन लावला. आत्या म्हणाली की ती गोळ्या घेत नाही, फक्त कंबर धरली तर, आणि ती मेली अंथरुणातून उठतानाच धरते. सासूबाई म्हणाल्या की औषध म्हणून नाही, झोपायच्या आधी सवय म्हणून. सासरे म्हणाले की सासूबाईंना सांगणार नसशील तर सांगतो. मामांना नियमित म्हणजे डॉक्टरांनी दिलेलं असं वाटलं होतं, आणि त्यांचं तर औषधवाल्याने दिलेलं होतं. मामी मामांचंच घेत. आत्याच्या मैत्रिणीला गोळ्या आत्या देई.

आठ निरोगी माणसं. एक शब्द. त्या शब्दाच्या दाराने आठही जण रांगेत, ताठ मानेने, खरं बोलत बाहेर पडले होते. आणि तो प्रश्न बाईंनी स्वतः लिहिला होता.

"आता तू चिडणार," बाबा म्हणाले.

बाई चिडल्या नाहीत. त्या सोफ्यावर बसल्या आणि हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते लवकर थांबेना. आई पाण्याचा पेला घेऊन आली. बाबांनी शेवटची गोळी मोडली आणि अर्धी पुढे केली.

"नको," बाईंनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली. दुसरी अर्धीही. "आणि तुम्हालाही नको. आजपासून आठांपैकी कुणीच नाही."

"पण दुखेल."

"दुखेल."

उतार (नाम): आलेखाला पडला तर आनंद, तापाला पडला तर आराम, जिन्याला असला तर गुडघ्यांना विचारा.

पुढचे आठवडे त्या घरांमध्ये जे कण्हणं चाललं त्याला तोड नव्हती. आत्याला उठवायला दोघांची गरज लागे आणि उठेपर्यंत ती दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. मामांनी जिन्यावरच खुर्ची ठेवून घेतली. सासू-सासरे चिडचिडे होऊन कितीतरी वर्षांनी एकमेकांशी भांडले आणि भांडून इतके खूश झाले की संध्याकाळी फिरायला गेले. बाबा काही बोलत नसत. फक्त फिरायला निघाले की पहिल्या बाकापर्यंत जात, बुटाची नाडी बांधायला बसत, आणि ती बांधून व्हायला बराच वेळ लागे.

बाई गोळी चोरून घेणाऱ्यांना पकडायला अवचित धाड घालत. आई म्हणे, पोलिसात गेली असतीस तर नाव काढलं असतंस.

समितीची नव्याने परवानगी निघाली. त्याच आठ जणांनी पुन्हा बाटल्या दिल्या, त्याच खुणांनी. या वेळी पिपेटवालीने प्रश्न असा विचारला: "गेल्या महिन्यात तोंडातून पोटात काय काय गेलं ते सगळं सांगा." उत्तरं घ्यायला सकाळ पुरली नाही.

आलेख आला तेव्हा बाईंनी आधी डोळे मिटले आणि पिपेटवालीला विचारलं.

"उतरला," पिपेटवाली म्हणाली. "सगळ्यांच्या रांगेत येऊन बसलाय. बघा तरी."

आठ ठिपके तळाशी. त्यातला कुठला वरून खाली आलाय ते खुणेवरून कळत होतं. कुणाचा ते नाही.

चहाडखोर खोटारडा नव्हता. एका माणसाच्या मूत्रपिंडाला इजा होत होती, त्याने ती रक्ताच्या कितीतरी आधी सांगितली, आणि कारण काढून घेतल्यावर तो गुमान गप्प बसला. बाईंनी सगळं जसं घडलं तसं लिहून पाठवलं, गोळ्यांसकट. परीक्षकाचं उत्तर आलं. या वेळी एकच सूचना होती: निबंधात जिथे जिथे 'निरोगी' असा शब्द आहे, तिथे 'स्वतःला निरोगी म्हणवणारे' असं करावं.

चावी (नाम)

आनंद एक दिवस टिकला. दुसऱ्या दिवशी शिष्टमंडळ आलं. पुढे आत्या, तिला दोन्हीकडून धरलेलं, मागे बाकीचे.

"न्यायाचं बोलू," आत्या म्हणाली. "बिघडलं एकाचं. आणि सोसतोय आम्ही आठ जण. ज्याचं असेल त्याने बंद करावी, बाकीच्यांची काय चूक?"

"मला माहीत नाही कुणाचं ते."

"काढ की मग माहिती."

"तसं ठरलंय आमचं, काढायची नाही."

"असलं कसलं ठरवता गं तुम्ही लोक? शिकलेली ना तू?"

ते गेल्यावर बाबा मागे राहिले. "मला एकट्याला सांग," ते म्हणाले. "मी नाहीये, एवढंच सांग."

"आणि असलात तर?"

"मी नसणार. सांगतो ना तुला."

"बाबा, नसलात तर काय कराल?"

बाबांचा हात आपोआप खिशाकडे गेला. रिकाम्या खिशाकडे. मग त्यांनीही तो पाहिला आणि खाली घेतला.

दुसऱ्या आठवड्यात बाईंनी त्यांना गुडघ्यांच्या व्यायामासाठी नेलं. शिकवणाऱ्या बाई बाबांच्या विद्यार्थिनीच्या वयाच्या होत्या आणि त्यांना काका म्हणत होत्या. बाबांना पाय उचलायला सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं, असं त्यांनी गाडीतून उतरताना दोनदा म्हणून ठेवलं होतं. बाई बाहेरच्या बाकावर बसल्या. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"एक," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या.

"एक असं म्हणत नाहीत. पोटातून यायला पाहिजे. एक!"

"काका, तुम्ही पाय उचला. मोजायचं मी बघते."

बाईंचा फोन वाजला. आकडेवाले होते. त्यांच्या आवाजात कोण जाणे कुठून थोडा ओलावा आला होता.

"अभिनंदन. निबंध स्वीकारला. अध्यक्षांशी बोललो मी. ते म्हणाले, आता कसोटी सिद्ध झाल्यासारखी आहे, तेव्हा चावी, म्हणजे कुठली खूण कुणाची ती यादी, उघडायला त्यांची हरकत नाही. समोरच आहे माझ्या. सांगू?"

बाईंना हवं होतं. इतकं हवं होतं की बाकाची कड हाताने घट्ट धरावी लागली. आतल्या खोलीत बाबांचा श्वास ऐकू येत होता. त्यांचं नाव आलं, तर रोज त्यांच्याकडे बघताना तो वरचा ठिपका दिसेल. नाही आलं, तर आज संध्याकाळीच खिशात नवी पट्टी. आणि नाव कुणाचंही आलं, तरी उरलेले सात सुटले म्हणून गोळी तोंडात टाकणार. आज निर्दोष ठरलेले पुढच्या वर्षीचे ठिपके. कुणालाच माहीत नाही, तोवर आठही जण कण्हताहेत. आणि आठही जण ठीक आहेत.

"नको," त्या म्हणाल्या.

"नक्की? तुम्ही स्वतः ठेवा. कुणाला सांगू नका."

"आत्या माझ्या चेहऱ्यावरून ओळखेल."

पलीकडे आकडेवाल्यांनी कागद दुमडल्याचा आवाज आला. "मग मी काय करू हिचं?"

"तुम्हाला तसंही झोप लागत नाही."

त्यांनी फोन बंद केला. आत मोजणं थांबलं होतं.

"दुखतंय का काका?"

"नाही."

"चेहऱ्यावरून वाटतंय."

"चेहरा असाच आहे माझा."

"दुखत असेल तर सांगा. म्हणजे मला पाय किती उचलायचा ते कळेल. नाहीतर मी वर वर नेत राहीन."

 बाई बाकावरून उठल्या आणि दाराशी जाऊन उभ्या राहिल्या, आत न डोकावता.

"थोडं," बाबा म्हणाले. मग घसा खाकरून, जरा मोठ्याने: "थोडं जास्त."

"मग इथेच थांबू."

"थांबा," बाबा म्हणाले, हुकूम द्यावा तसे. "आणि हळू खाली घ्या. फार हळू."